आरसीए ते एक्सएलआर अ‍ॅडॅप्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझा प्रीअ‍ॅम्प (गाणं कुठून वाजवायचं ते निवडणारी, आवाज कमी-जास्त करणारी पेटी) जुना आहे, मागे फक्त आरसीए, म्हणजे एक सिग्नलची तार आणि भोवती शील्ड (जाळी) अशी साधी जोडणी. दिवाळीत घेतलेल्या पॉवर अ‍ॅम्पला (स्पीकर चालवणाऱ्या पेटीला) मात्र नुसतेच एक्सएलआर. ही तीन पिनांची बॅलन्स्ड जोडणी, म्हणजे सिग्नल दोन तारांतून येतो आणि दोन्हींवरचा सारखा गोंगाट कटतो. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून साडेचारशेला अ‍ॅडॅप्टरची जोडी आणली.

गाणं पहिल्या दिवसापासून छान वाजलं. व्हॉल्यूम तेवढा जास्त फिरवावा लागतो. आरसीएतून साधारण 2 व्होल्ट येतात, बॅलन्स्डमधून बहुधा 4. हा 6 डेसिबलचा फरक आहे, बिघाड नाही.

खरा त्रास रात्री कळला. घर शांत झालं की दोन्ही स्पीकरमधून बारीक घूंऽऽ यायची. आलापाच्या आधी नुसता तंबोरा वाजत असताना त्याच्याखाली दुसराच बेसूर सूर लागलेला असायचा, आणि एकदा कानात बसला की जाता जात नसे. अ‍ॅम्प बॅलन्स्ड आहे, मग गुणगुण येईलच कशी, असं मला वाटत होतं. तिथेच माझी चूक होती.

आधी अ‍ॅडॅप्टर मल्टिमीटरवर तपासला. एक्सएलआरची पिन 1 शील्डची, 2 आणि 3 सिग्नलच्या; आरसीएला दुसरी सिग्नलची तार नसल्याने इथे 3 ही 1 ला जोडलेली हवी. पिन 1 आणि 3 वर टोकं टेकवली, बीप आला. म्हणजे जोडणी बरोबर होती. (स्वस्त मालात कधीकधी पिन 3 मोकळीच सोडलेली असते, घेतल्या घेतल्या बघाच.) मग एकेक वायर काढत गेले. याच सिस्टिमला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सची डिशची केबल उपसली आणि गुणगुण बंद! गच्चीवरून येणारं अर्थिंग आणि अ‍ॅम्पच्या थ्री-पिनचं अर्थिंग यांचा फेरा तयार झाला होता. तो करंट आरसीएच्या शील्डमधून वाहतो. अ‍ॅडॅप्टरने अ‍ॅम्पपाशीच पिन 3 शील्डला बांधलेली असल्याने शील्डवरचा सगळा गोंगाट सिग्नलमध्ये मिसळतो. बॅलन्स्ड इनपुट पिन 2 मधून पिन 3 वजा करतो खरा, पण दोन्हींवर गोंगाट सारखाच पोचला तरच तो कटतो.

उपाय सोपा निघाला. दोन तारांची शील्डवाली मायक्रोफोन केबल घेतली. गरम (सिग्नलची) तार पिन 2 ला, दुसरी पिन 3 ला, शील्ड पिन 1 ला. दुसरी तार आणि शील्ड एकत्र केले ते आरसीएच्या टोकाला. सोल्डरचे डाग मी स्वतः दिले, पहिला कच्चा राहिला, परत दिला. आता डिशची केबल लावलेली असूनही गुणगुण ऐकायला स्पीकरला कान लावावा लागतो. अ‍ॅडॅप्टर मागे बोटभर बाहेर येऊन जड केबलने खाली लोंबायचे, तेही संपलं.

ज्यांच्याकडे गुणगुण नाही त्यांनी अ‍ॅडॅप्टर खुशाल वापरावेत, आवाजाच्या प्रतीत मला काडीचा फरक जाणवला नाही. फक्त हेडफोनच्या बाबतीत हा प्रयोग करू नका. बॅलन्स्ड हेडफोन आउटपुटला साध्या 3.5 मिलिमीटरचा अ‍ॅडॅप्टर लावला तर डाव्या-उजव्या चॅनलच्या निगेटिव्ह तारा एकत्र येतात. त्या दोन्हींवर वेगवेगळे अ‍ॅम्प चालू असतात, ते शॉर्ट होऊन जळू शकतात.