रॉयल कॅचफ्लाय : तीन उन्हाळ्यांनंतर

काल आणखी एका शर्टाची बाही चिकट झाली, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

आम्ही शिकागोजवळ नेपरविलला राहतो. हमिंगबर्डसाठी, म्हणजे फुलातला मध पिणाऱ्या इवल्याशा पक्ष्यासाठी, इथल्या प्रेअरीतलंच (गवताळ माळरानातलंच) काहीतरी लावायचं ठरलं आणि रॉयल कॅचफ्लाय हे लाल फुलांचं झाड निवडलं, तेव्हा तयार रोप सात डॉलरला आणि बियांचं पाकीट तीनला होतं. मी अर्थातच पाकीट आणलं. या बियांना उगवण्याआधी दोनेक महिने ओली थंडी लागते, म्हणून ओल्या वाळूत कालवून दह्याच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या. तेव्हा आई पुण्याहून आलेली. विरजणाला तिनं नेमका तोच डबा उघडला. वाचवलेले चार डॉलर तिथेच फिटले.

पहिल्या वर्षी जमिनीलगत चार पानं, बस्स. सगळी मेहनत खाली सोटमूळ करण्यात. दुसऱ्या वर्षी सशांनी शेंडे खाल्ले, आणि आमच्या चिकणमातीत हिवाळ्याचं पाणी साचून दोन रोपं कुजली. पाण्याचा निचरा नसेल तर या फंदात पडू नका. उरलेली तीन यंदा जुलैत फुलली : पाच पाकळ्या, जास्वंदीलाही फिकं पाडेल असा लाल, वास शून्य.

आता चिकटपणा. फुलाखालची हिरवी नळी बारीक केसांनी भरलेली आणि एकतारी पाकासारखी चिकट. वाळकी फुलं खुडताना बोटं, चष्मा, बाही, सगळ्याला लागतं. जुलैअखेरपर्यंत कुणी विचारलं असतं, तर ‘घेऊ नका’ म्हटलं असतं.

मग एका सकाळी चहा घेताना मुंगी दिसली. देठावरून नळीपर्यंत आली आणि तिथेच रुतली. एकेक पाय सोडवतेय, दुसरा अडकतोय. तेवढ्यात हमिंगबर्ड आला. तो बसतच नाही, हवेत थरथरत नुसती चोच घालतो, त्यामुळे चिकट भागाला त्याचा स्पर्शही नाही. कपाळाला पराग लावून पुढच्या फुलावर. शेजारीच हमिंगबर्डसाठी टांगलेली माझी साखरपाण्याची बाटली. एक भाग साखरेला चार भाग पाणी, उन्हात दर दोन दिवसांनी धुवा, आणि तारेवरून मुंग्यांची वारी चालूच.

बाटली आता गॅरेजमध्ये आहे.

आई फोनवर म्हणते, जास्वंद लाव, शिंजीर येतील. शिंजीर हे आपल्याकडचे मध पिणारे पक्षी अमेरिकेत नसतात, हे तिला पटत नाही.

यंदाच्या बिया धरून ठेवणार आहे. डब्यावर मार्करनं ‘विरजण नाही’ लिहून झालंय.