ठाण्यातला दोन दिवसांचा ट्रेडिंग क्लास: शेंगदाण्यांना पाच स्टार, सॉफ्टवेअरला दोन

आधीच सांगतो, मी मेव्हण्यामुळे गेलो. तो ऑप्शनमध्ये (शेअर बाजारात पुढच्या भावावर लावायचे सौदे) हात पोळून बसलाय आणि बायको म्हणाली, त्याला जायचंच असेल तर तुम्ही सोबत जा, म्हणजे माझी नेमणूक वॉचमन म्हणून. शनिवार-रविवार, दहा ते पाच, माणशी साडेसहा हजार, जेवण त्यातच (छोले भटुरे, त्यामुळे दुपारी अर्धा वर्ग पेंगत होता). क्लासचं नाव टाकत नाही, खाली तक्रारी पण आहेत आणि मला उगाच लफडं नकोय.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर नाहीच. सरांनी टेबलावर शेंगदाण्यांची बरणी ठेवली आणि म्हणाले, किती दाणे असतील त्याचा भाव सांगा, पण एक आकडा नाही, दोन, एवढ्याला घेतो आणि एवढ्याला देतो, समोरचा म्हणेल तो सौदा करायचा, नाही म्हणायचं नाही. मी म्हटलं ५०० ला घेतो, ९०० ला देतो. सगळे हसले. सर म्हणाले मधला फरक १०० च्या वर नको. मग मी ६००-७०० दिला, समोरच्या काकू लगेच "७०० ला घेतलं". परत तोच भाव दिला, परत घेतलं. तिसऱ्यांदा पण! मेव्हणा कोपर मारतोय पण मी आपला ६००-७०० वर ठाम. बरणी मोजली तर ९१२ दाणे, म्हणजे ९१२ चा माल मी ७०० ला दिला, एका सौद्याला २१२ आणि एकूण ६३६ पॉइंटचा फटका. काकूंनी गुपचूप वरचा एक थर मोजून गुणाकार केला होता. सरांनी एवढंच विचारलं, "त्या तीनदा घेतायत हे दिसत होतं ना, मग तुम्ही भाव का नाही वाढवलात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, समोरचा का घेतोय हा विचारच डोक्यात आला नाही, मी माझ्याच अंदाजाच्या प्रेमात. ह्या एका तासाचे साडेसहा हजार मी आनंदाने दिले असते.

दुसरा दिवस सिम्युलेटरचा (खोट्या पैशांनी सौदे करायचं सॉफ्टवेअर) आणि इथे घोळ. चार्टवरची तारीख आणि आकडे लपवून जुना दिवस पळवतात, पण पहिल्या अर्ध्या तासात कळलं की हा ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी २३,२६३ ला बंद झालेला निफ्टी त्या दिवशी २१,८८४ ला बंद झाला, जवळजवळ सहा टक्के खाली, हे कोण विसरेल? पेपर फुटल्यासारखं झालं, मेव्हण्याने पुट (बाजार पडला की फायदा देणारे ऑप्शन) घेतले आणि वर्गात पहिला आला, संध्याकाळपर्यंत कॉलर टाइट. जुना डेटा वापरतात त्याचा दोष क्लासला नाही, शिकवणाऱ्यांनी निदान तीन महिने जुनेच भाव वापरायचे असं सेबीने (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं. पण दिवस तरी साधा निवडा ना.

आणि दुसरं म्हणजे ५० लॉटची (लॉट म्हणजे ठरलेल्या संख्येचा गठ्ठा) ऑर्डर टाकली तरी स्क्रीनवरच्या भावाला पूर्ण मिळते, अशा दिवशी खऱ्या बाजारात पुटचा बिड-आस्क, म्हणजे घ्यायच्या-द्यायच्या भावातला फरक, केवढा फाकतो! ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) काहीच कापत नाही. सेबीच्याच अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या (फ्युचर्स आणि ऑप्शन) ९३ टक्के साध्या ट्रेडर्सचं नुकसान झालं आणि शेवटच्या वर्षी माणशी सरासरी २६,००० रुपये नुसत्या खर्चात गेले, मग तोच खर्च शून्य धरून काय शिकवताय? विचारलं तर म्हणे पुढच्या व्हर्जनमध्ये येईल.

एक गोष्ट मात्र झकास. सौदा टाकायच्या आधी एक चौकट उघडते, का घेताय आणि कुठे बाहेर पडणार, ते लिहिल्याशिवाय बटण चालतच नाही. शेवटी त्याचा प्रिंटआउट देतात. मेव्हण्याचे एकूण ३१ सौदे, त्यातल्या २२ मध्ये कारण एकच, "वाटतंय". बायकोने तो कागद भावाच्याच फ्रिजवर चिकटवलाय.