कर्करोग बाह्यरुग्ण विभाग, छत्रपती संभाजीनगर: डॉक्टर उत्तम, व्यवस्था ढिसाळ

स्तनातील गाठीच्या तुकड्याचा अहवाल कर्करोगाचा आल्यावर आम्ही आईला परभणीहून छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी रुग्णालयात नेले. अशा वेळी आपल्याकडे नातेवाईक आधी आत शिरतात आणि ‘पेशंटला काही सांगू नका’ असे डॉक्टरांना बजावतात. आमच्या मामांनीही तेच केले. डॉक्टरांनी त्यांचे ऐकून घेतले, पण आईला समोरच्या खुर्चीवर बसवून तिलाच विचारले, “मावशी, रिपोर्टमध्ये आलंय ते सगळं सांगू, की लागेल तेवढंच?” आई म्हणाली, “सगळं सांगा. ज्वारीची सुगी तोंडावर आलीय, माणसं लावायची का नाही ते ठरवावं लागंल.” केवळ या एका प्रश्नासाठीही मी या डॉक्टरांची शिफारस करीन.

अहवालातील ‘ग्रेड 3’ वाचून घरात तिसऱ्या स्टेजची रडारड झाली होती. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे स्तनाचे आणि काखेतील गाठींचे चित्र काढून समजावले की, ग्रेडवरून पेशी मूळ पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते कळते, तर स्टेज ही गाठीचा आकार आणि आजार काखेत किंवा दुसऱ्या अवयवांत पोहोचला आहे का, यावरून ठरते. ईआर, पीआर (गाठ संप्रेरकांच्या म्हणजे हार्मोन्सच्या जोरावर वाढते का) आणि हर-टू (पेशींवर त्या नावाचे प्रथिन जास्त आहे का) या तपासण्यांचे निकाल हाती आल्याखेरीज औषधे ठरणार नव्हती. गाठ मोठी असल्याने आधी केमोने ती लहान करायची, मग शस्त्रक्रिया आणि पुढे गरजेप्रमाणे शेक (रेडिएशन), असा क्रम त्यांनी सांगितला. तुकडा काढताना सुई टोचल्यामुळे आजार पसरला असेल, ही मामांची शंकाही त्यांनी न चिडता दूर केली. केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर गावात सलाईन लावून वाट पाहायची नाही, मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचे. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. एवढे त्यांनी आईकडून पुन्हा म्हणवून घेतले.

या खोलीबाहेरच्या कारभाराविषयी मात्र चांगले लिहिता येत नाही. सकाळची वेळ देऊन दुपारी आत बोलावले. खर्चाचा आकडा काउंटरवरून, चार लोकांसमोर, मोठ्याने सांगण्यात आला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होऊ शकतात आणि त्यासाठी आरोग्यमित्राचे (योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचे) टेबल त्याच इमारतीत आहे, ही माहिती आगाऊ रक्कम मागून झाल्यावर, आम्ही विचारले तेव्हा मिळाली. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत होते म्हणून निभावले. उपचारांचा लेखी आराखडाही फक्त इंग्रजीत आहे, जो आईच्या काही उपयोगाचा नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे का, हे विचारताना आम्ही कचरत होतो. डॉक्टरांनी स्वतःहून शहरातील शासकीय कर्करोग रुग्णालय आणि परळचे टाटा रुग्णालय, अशी दोन नावे सुचवली. नुसता कागद न नेता प्रयोगशाळेतून गाठीच्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे मागून घ्या, असेही बजावले.

येथे जाणाऱ्यांनी प्रश्न आधीच कागदावर लिहून न्यावेत आणि आरोग्यमित्राला डॉक्टरांच्या आधी भेटावे. लांबून येणार असाल तर मुक्कामाची तयारी ठेवा, कारण परतीची एसटी हमखास चुकते.