रिले बंद पडला तर: पोस्टफिक्स की एक्झिम?

स्वतःचा मेल सर्व्हर उभारून बाहेर जाणारी सगळी मेल एकाच रिले सेवेतून (आपली मेल पुढे पोहोचवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरमधून) पाठवायची असेल, तर पोस्टफिक्स आणि एक्झिम या दोन मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमधून निवड करण्याआधी एक प्रश्न विचारा: ती सेवा सहा तास बंद पडली तर काय, आणि सहा दिवस बंद पडली तर काय?

मेल हरवेल ही भीती दोन्हीकडे नको. मेल डिस्कवर लिहून झाल्यावरच दोघंही पाठवणाऱ्याला '२५०' म्हणजे 'मिळाली' असं उत्तर देतात.

पोस्टफिक्सची रांग (पाठवायच्या मेलची यादी) एक क्यू मॅनेजर सांभाळतो. रिले लागत नाही असं लागोपाठ दिसलं की तो त्या ठिकाणाला बंद धरतो आणि तिकडची बाकी मेल प्रयत्न न करताच डिफर्ड, म्हणजे 'नंतर पाठवू' रांगेत टाकतो. पुढचे प्रयत्न किमान ५ मिनिटांनी, मग अंतर वाढत जास्तीत जास्त ४००० सेकंद. म्हणजे रिले सुरू झाल्यावरही एखादी मेल तासभर अडकू शकते. त्यासाठी सगळी रांग लगेच पाठवायला लावणारी 'पोस्टक्यू -एफ' ही आज्ञा आहेच.

एक्झिममध्ये असा मॅनेजर नाही. प्रत्येक मेलची आपली प्रोसेस, आणि अडकलेल्यांसाठी अधूनमधून फिरणारा क्यू रनर. मूळ नियम असा: २ तास दर १५ मिनिटांनी, मग १६ तासांपर्यंत वाढत्या अंतरानं, त्यानंतर ४ दिवसांपर्यंत दर ६ तासांनी. (डेबियन या लिनक्सवर रनर ३० मिनिटांनी फिरतो, त्यामुळे १५ मिनिटं कागदावरच.) हे नियम डोमेनप्रमाणे, अपयशाच्या प्रकाराप्रमाणे बदलता येतात, आणि ही सोय खरंच मोठी आहे.

पण खरी मेख मुदतीत आहे, म्हणजे किती दिवसांनी प्रयत्न सोडून मेल परत पाठवायची यात. पोस्टफिक्स प्रत्येक मेलचे ५ दिवस ती आल्यापासून मोजतो. एक्झिम मात्र रिलेच्या पहिल्या अपयशापासूनचा हिशोब ठेवतो. रिले ४ दिवसांहून जास्त बंद असेल, तर आत्ता आलेली मेलही, कधीकधी एकदाही प्रयत्न न होता, 'रिट्राय टाइमआउट' (प्रयत्नांची मुदत संपली) म्हणून परत जाते. बऱ्याच जणांना हे पहिल्यांदा कळतं ते वापरकर्त्यांच्या तक्रारींतून. एकच रिले असलेल्यांनी तो ४ दिवसांचा नियम आधीच लांबवून ठेवावा.

पाठवणाऱ्याला कळवण्यात एक्झिम पुढे: २४ तासांनी तो आपणहून उशिराची सूचना देतो. पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये गप्प असतो.

रिलेचं बिल थकलं आणि तो '५५०', म्हणजे 'कायमचा नकार' म्हणू लागला, तर रांगेचा उपयोग नाही. दोघंही मेल लगेच परत करतात. पोस्टफिक्समध्ये कायमचा नकार तात्पुरता धरणारा 'सॉफ्ट बाउन्स' चालू करून वेळ काढता येतो, फक्त नंतर तो बंद करायचा.

माझं मत: एकच रिले, मेल भरपूर, तर पोस्टफिक्स. सीपॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या सॉफ्टवेअरवर होस्टिंग असेल तर एक्झिम आधीच बसवलेला मिळतो; तो काढायच्या फंदात न पडता रिट्रायचे नियम दुरुस्त करा.