बनावट घटनास्थळ की खरं प्रकरण?

न्यायवैद्यक शिकवताना वर्गात बनावट घटनास्थळ मांडावं, की खरं प्रकरण वाचायला द्यावं? घटनास्थळाने हात तयार होतो. काचेच्या पेल्यावर ॲल्युमिनियमची पावडर ब्रशने हलकेच फिरवली की बोटाच्या ठशाच्या रेषा उमटतात. जरा जोर पडला की पुसल्या जातात. हा हलकेपणा फळ्यावर शिकवून येत नाही. पण तिथलं उत्तर शिक्षकाने आधीच ठरवलेलं असतं.

खरं प्रकरण शंका घ्यायला शिकवतं. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने बोटाचा ठसा जुळल्याचं सांगत भलत्याच माणसाला अटक केली. तो ठसा दुसऱ्याचाच असल्याचं स्पॅनिश पोलिसांनी दाखवलं. नावाजलेले तज्ज्ञ चुकले कसे, यावर मुलं हिरिरीने वाद घालतात. वेळ एकाच गोष्टीपुरता असेल, तर मी प्रकरणच निवडेन.