धमन्यांच्या ताठरपणाची तपासणी : मोजणी चांगली, अहवाल मात्र पारखून घ्यावा

हृदयविकाराचा धोका तपासणाऱ्या काही केंद्रांमध्ये आता धमन्यांचा ताठरपणा मोजण्याची चाचणी उपलब्ध असते. माझ्या आईने सत्तरी ओलांडली आहे. तिच्या रक्तदाबाचा वरचा आकडा कायम चढा असतो आणि खालचा मात्र सामान्याहून थोडा कमीच भरतो. औषध वाढवावे की नाही, याचा निर्णय तिच्या डॉक्टरांना घ्यायचा होता, म्हणून आम्ही ही चाचणी करून घेतली. चाचणीमागचे शास्त्र भक्कम आहे आणि यंत्रही चांगले होते; परंतु मोजणीपूर्वी घ्यायची काळजी अपुरी पडली आणि हाती आलेला अहवाल ज्येष्ठ रुग्णाच्या घरच्यांची दिशाभूल करू शकेल असा होता.

ही चाचणी काय सांगते हे समजल्याशिवाय तिचे मोल ठरवता येत नाही. तरुण वयात महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, लवचीक असते. हृदयाचा ठोका पडताच ती फुगून रक्ताचा काही भाग सामावून घेते आणि हृदय शिथिल होत असताना पूर्ववत होऊन ते रक्त पुढे ढकलते, त्यामुळे अवयवांपर्यंत पोहोचणारा प्रवाह बराचसा सलग राहतो. वय वाढते तसे तिच्या भिंतीतील इलॅस्टिन या ताणल्या जाणाऱ्या प्रथिनाचे तंतू झिजून तुटत जातात, भार कोलॅजेन या ताठर प्रथिनावर येतो आणि हळूहळू कॅल्शियमही साठू लागते. म्हणूनच साधारण पन्नाशी-साठीनंतर अनेकांचा वरचा रक्तदाब वाढत राहतो, खालचा उतरू लागतो आणि दोहोंमधील अंतर रुंदावते. उतरलेला खालचा आकडा पाहून घरोघरी समाधान मानले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण ताठर महाधमनीमुळे हृदयाला अधिक जोर लावावा लागत असतो, आणि डाव्या बाजूच्या हृदयस्नायूला स्वतःसाठी लागणारे रक्त मुख्यतः शिथिलावस्थेत, म्हणजे नेमक्या त्या खालच्या दाबावर मिळत असते. मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या नाजूक रक्तवाहिन्यांनाही प्रत्येक ठोक्याचा धक्का पुरेसा न शमता पोहोचतो. केवळ वरचा रक्तदाब वाढलेल्या, साठीपुढील ४,७३६ व्यक्तींवर झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात औषधोपचाराने पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले होते. तेव्हा ‘वयामुळे वरचा थोडा वाढायचाच’ असे म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही.

मोजणीचे तत्त्व सरळ आहे. ठोक्याबरोबर निघालेली नाडीची लहर ताठर भिंतीतून अधिक वेगाने धावते. भिंतीचा ताठरपणा, तिची जाडी आणि धमनीची रुंदी यांच्याशी या वेगाचे नाते मोन्स आणि कोर्टेवेग या डच शास्त्रज्ञांनी १८७८ मध्येच मांडले. प्रमाण मानली जाणारी पद्धत म्हणजे मानेतील धमनी आणि जांघेतील धमनी यांच्या दरम्यान लहरीला लागणारा वेळ मोजणे. आईच्या वेळी वापरलेले यंत्र दुसऱ्या प्रकारचे होते : दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधायचे, मनगटांना ईसीजीच्या तारा लावायच्या आणि उताणे पडून राहायचे. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, जांघेपर्यंत कपडे सारण्याचा संकोच नाही. घोट्याच्या पट्ट्याचा दाब क्षणभर जाचतो, एवढाच त्रास. तंत्रज्ञ सौजन्याने वागले, पट्टे त्यांनी योग्य मापाचे निवडले आणि पायांतील रक्तप्रवाहाचा निर्देशांकही, म्हणजे घोट्याच्या रक्तदाबाचे दंडाच्या रक्तदाबाशी गुणोत्तर, त्याच मोजणीत मिळाला. तो ०.९ पेक्षा कमी असेल तर पायांच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी लागते आणि अशा वेळी घोट्यापर्यंत मोजलेला लहरीचा वेगही भरवशाचा राहत नाही.

तक्रार आहे ती मोजणीपूर्वीच्या घाईबद्दल. या चाचणीआधी काही तास चहा-कॉफी, धूम्रपान आणि जेवण टाळावे, शांत खोलीत किमान १० मिनिटे पडून विश्रांती घ्यावी आणि मोजणी चालू असताना बोलू नये, हे संकेत सर्वमान्य आहेत. आम्हाला वेळ देताना यातले काहीच सांगितले गेले नाही, आणि जिना चढून आलेल्या आईला जवळजवळ लगेच पट्टे बांधले गेले. लहरीचा वेग त्या क्षणीच्या रक्तदाबावर अवलंबून असतो. दाब तात्पुरता चढलेला असेल तर धमनी आहे त्याहून अधिक ताठर दिसते. आणखी एक बाब म्हणजे दंड-घोटा पद्धतीत धमनीची लांबी प्रत्यक्ष न मोजता उंचीवरून सूत्राने काढली जाते. पाठीला बाक आलेल्या वृद्धांची उंची कमी झालेली असते, आणि इथे ती मोजलीच गेली नाही, तोंडी विचारून लिहून घेतली. नाडी अनियमित आहे का, हा प्रश्नही आम्हीच काढला, वास्तविक तो केंद्राने आधी विचारायला हवा होता.

अहवालाविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे. त्याच्या पहिल्या पानावर रंगीत पट्टी होती आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘धमन्यांचे वय’ दिलेले होते, ते आईच्या खऱ्या वयापेक्षा बरेच जास्त. मूळ वेग, मोजणीच्या वेळचा रक्तदाब आणि नाडीचे ठोके मागच्या पानावर बारीक अक्षरांत होते. वास्तविक डॉक्टरांना उपयोगी पडतात ते हेच आकडे. शिवाय सेकंदाला १० मीटर ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, ती मान-जांघ पद्धतीसाठी आहे. पूर्वी ती १२ होती आणि अंतर मोजण्याची रीत सुधारल्यावर २०१२ च्या तज्ज्ञ-सहमतीत १० ठरवण्यात आली. दंड-घोटा मोजणीत पायांच्या स्नायुमय धमन्याही येतात, त्यामुळे तिचे आकडे मुळातच मोठे असतात. हा खुलासा अहवालात कुठेही नव्हता, आणि १० या आकड्याशी ताडून पाहणारे कुटुंब विनाकारण घाबरून जाईल.

अहवालासोबतच्या सल्ल्यात कोलेस्टेरॉल उतरवल्यास ताठरपणा जाईल असे सुचवले होते, तेही पटण्यासारखे नाही. धमनीच्या आत मेदाचे थर बसणे आणि तिची भिंत ताठर होणे या एकमेकींशी निगडित, तरी वेगळ्या प्रक्रिया आहेत. २००९ सालच्या एका आढाव्यात वय आणि रक्तदाब यांचा लहरीच्या वेगाशी ठळक संबंध दिसला, तर कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा फारसा दिसला नाही. अर्थात कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयाला असलेला धोका त्यामुळे कमी होत नाही. तो वेगळा मोजावा आणि त्यावर वेगळे उपचार करावेत.

मग ही सेवा घ्यावी का? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात महाधमनीतील लहरीचा वेग सेकंदाला १ मीटरने जास्त असल्यास हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी अधिक आढळला, म्हणजे ही मोजणी निरर्थक नाही. ज्यांचा धोका सीमारेषेवर आहे आणि ज्यांच्या उपचाराचा निर्णय अडला आहे, त्यांना ती उपयोगी पडेल. ज्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांचा धोका उघडच मोठा आहे, त्यांचे उपचार या आकड्याने सहसा बदलत नाहीत. ज्यांच्या घरी दंडावर बांधायचे रक्तदाबमापक अजून नाही, त्यांनी आधी ते घ्यावे. सकाळ-संध्याकाळ नोंदलेले दाब आणि वरच्या-खालच्या आकड्यांतील फरक डॉक्टरांना दाखवावा. वृद्धांमध्ये हा फरक सातत्याने ६० पेक्षा अधिक असेल, तर धमन्या ताठरल्याचा अंदाज त्यावरूनही बांधता येतो.

आईच्या डॉक्टरांनी ‘धमन्यांचे वय’ बाजूला ठेवून मागचे पान वाचले, घरच्या नोंदी मागवल्या आणि उभे राहिल्यावर दाब किती उतरतो हेही पाहून मगच औषधाची मात्रा थोडी वाढवली. मीठ कमी करणे आणि रोजचे चालणे त्यांनी औषधाइतकेच महत्त्वाचे मानले. पुढे कधी चाचणी पुन्हा करायची झाली, तर ती त्याच प्रकारच्या यंत्रावर, दिवसाच्या त्याच वेळी, पुरेशा विश्रांतीनंतर करावी आणि त्या क्षणीचा रक्तदाब अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहून द्यावा, असे आम्ही केंद्राला लेखी कळवले आहे.