शेअर केलेला फोल्डर उघडत नाही: सगळ्यांना मोकळा ठेवावा की वेगळं खातं काढावं?

घरात एक डेस्कटॉप, दोन लॅपटॉप, सगळ्यांवर विंडोज आणि सगळे एकाच वाय-फायवर. डेस्कटॉपवरचा फोटोंचा फोल्डर लॅपटॉपवर दिसतो, पण उघडायला गेलं की परवानगी नाकारली जाते. नाहीतर नाव-पासवर्डाची चौकट येते आणि रोजचा पिन टाकून काहीच होत नाही. होणारही नाही, कारण पिन त्या एका मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो.

यातून सुटायला लोक दोन वाटा धरतात: पासवर्डाची अट काढून 'एव्हरीवन'ला, म्हणजे कुणालाही, सगळे अधिकार देणं, किंवा शेअरिंगसाठी डेस्कटॉपवर वेगळं खातं काढणं. माझं मत दुसऱ्या वाटेला आहे.

आधी दोन्हींकडे लागणारी गोष्ट. नेटवर्क 'पब्लिक' ठेवलं असेल तर फायरवॉल शेअरिंग अडवते, तेव्हा ते 'प्रायव्हेट' करा. आणि परवानग्यांचे थर दोन असतात हे लक्षात ठेवा. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये एक 'शेअरिंग' टॅबमध्ये, दुसरा 'सिक्युरिटी' टॅबमध्ये. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि त्यातला जो कडक तोच चालतो. 'शेअरिंग'मध्ये फुल कंट्रोल देऊनही दार बंद राहतं ते बहुतेक वेळा यामुळेच. (एक्सफॅट फॉरमॅटच्या बाहेरच्या डिस्कवर दुसरा थर नसतोच.)

मोकळ्या वाटेचं काम पाच मिनिटांत होतं आणि कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही, हे खरं. पण वाय-फायचा पासवर्ड आपण पाहुण्यांनाही देतो, आणि मग त्यांच्या लॅपटॉपलाही तुमचे फोटो पुसता येतात. रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, तर लिहिता येईल त्या प्रत्येक शेअर फोल्डरमधल्या फायली कुलूपबंद करतं. शिवाय ही वाट आता अरुंद होत चालली आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत गेस्ट म्हणून, म्हणजे नाव-पासवर्डाशिवाय, दुसऱ्या मशीनवर शिरणं मुळातच बंद ठेवलेलं आहे. ते हाताने चालू करता येतं, पण करू नये असंच सांगेन.

वेगळ्या खात्याला पहिल्या दिवशी अर्धा तास जातो. डेस्कटॉपवर एक साधं लोकल (त्या मशीनपुरतं) खातं काढा, ॲडमिन नको. नाव इंग्रजी अक्षरांत आणि सलग ठेवा. पासवर्ड द्याच, कारण रिकाम्या पासवर्डाचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मग दोन्ही टॅबमध्ये त्या खात्याला अधिकार द्या. लॅपटॉपवर विचारलं की डेस्कटॉपचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि खात्याचं नाव लिहा. तरी अडलं तर लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड जपून ठेवतं ती जागा) साठलेला जुना पासवर्ड काढून टाका. नुसतं बघणाऱ्यांसाठी दुसरं खातं काढून त्याला फक्त 'रीड' द्या. तेवढ्याने रॅन्समवेअरचा धोकाही पुष्कळ कमी होतो.

एवढं करूनही काही फायली उघडत नसतील, तर त्या कुठून आल्या ते पाहा. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की ती जुन्या परवानग्या बरोबर आणते; कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. म्हणून शेअर फोल्डरमध्ये फायली कॉपी करूनच टाकाव्यात.

नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणीची वेगळी पेटी) घ्यावा का? टीव्ही, मोबाइल, रात्रंदिवस चालू राहणारी साठवण हवी असेल तर जरूर घ्या. फक्त परवानग्यांसाठी नको. खाती तिथेही काढावीच लागतात.

घरातलं एखादं जुनं यंत्र एसएमबी १ (फायली शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) मागत असेल, तर त्याच्यासाठी ते चालू करू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरलं ते त्यातल्याच त्रुटीवरून. त्या यंत्राला फायली पेन ड्राइव्हवरून द्या.